युरोप रेल्वेने: पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावी?

सायली_व
नमस्कार मंडळी. मेच्या मध्यापासून युरोपला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि साबा-साबु (सासूबाई आणि सासरेबुवा). दोघंही सत्तरीच्या आसपास, रोज पर्वती चढतात, पण बॅगा उचलणं त्यांना जमणार नाही. लंडनला नणंद आहे, आधी तिच्याकडे. मग पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, आणि प्रागहून विमानाने घरी. साधारण तीन आठवडे. मधला सगळा प्रवास रेल्वेनेच. साबु मध्य रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे या मुद्द्यावर घरात चर्चाच होत नाही.

प्रश्न असा, की युरेल पास (एकाच पासवर युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेने फिरायचा) घ्यावा की प्रत्येक टप्प्याचं सुटं तिकीट काढावं? नवऱ्याने एक्सेल केलीय. तिच्यात रकाने वाढतायत, उत्तर निघत नाहीये. शिवाय यूकेचा व्हिसा हातात आहे, पण शेंगेनची (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाची) अपॉइंटमेंट अजून व्हायचीय, आणि स्वस्त तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत म्हणे. मग आधी काय काढू, नंतर काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा. टूर कंपन्यांची नावं नकोत, प्लीज.

शिरीषकाका
नाव सांगत नाही, पण सत्तरीची माणसं सोबत असताना हा उपद्व्याप कशाला? बस हॉटेलच्या दारात येते, बॅगा कुणीतरी चढवतं, संध्याकाळी वरणभात. आम्ही तसेच गेलो आणि मजेत परत आलो.

चहाबाज
काका, वरणभात पुण्यातही मिळतो. (दिवा घ्या, म्हणजे गंमत आहे)

खिडकीपाशी
पास, पास आणि पासच! मुलगी बाराच्या आत आहे, म्हणजे मोठ्यांबरोबर तिचा पास फुकट. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट. पास मोबाइलवर येतो. रेल प्लॅनर ॲपमध्ये त्या दिवसाची गाडी टाकायची, कोड दाखवायचा, झालं. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात तर समोर उभी असेल त्या गाडीत चढायचं. आम्हाला साल्झबर्गला धो धो पाऊस लागला, तर उतरलोच नाही, तसेच पुढे लिंझला गेलो. सुट्या तिकिटावर हे करून दाखवा.

फलाटदादा
खिडकीपाशी, तुमचा पाऊस मान्य, पण सायलीताईंचा मार्ग बघा ना. लांबचे टप्पे पाचच आहेत आणि मुक्काम आधीच ठरलेत. महिन्याभरात कुठलेही पाच दिवस वापरायचा पास माणशी तीनशे युरोंच्या पुढे जातो. त्यावर लंडन-पॅरिस युरोस्टार गाडीचं आरक्षण तीसेक युरो, पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही लिरियाचं वेगळं, इटलीतल्या फ्रेचारोसा या वेगवान गाडीचं दहा-तेरा युरो. ही आरक्षणं सक्तीची आहेत आणि फुकट पासवाल्या मुलीलाही भरावी लागतात.

त्याहून मोठी गोम म्हणजे कोटा. युरोस्टार आणि टीजीव्हीत पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा ठेवतात. त्या संपल्या की गाडीत जागा असूनही तुम्हाला पासवर मिळत नाही, पूर्ण तिकीट काढा. पाच जणांना एकाच गाडीत कोट्यातल्या जागा हव्या असतील तर आरक्षण महिनोन्‌महिने आधी करावं लागणार. मग पासच्या त्या मोकळेपणाचं काय राहिलं? उलट ऑस्ट्रियन रेल्वेची 'श्पारशीने' (स्वस्तातली, पैसे न परतणारी) तिकिटं वेळेत पाहिली तर व्हिएन्ना-प्राग वीस-पंचवीस युरोंत निघू शकतं.

पास कुणाला परवडतो ते सांगतो. ज्याचा बेत ढिला आहे, जो एक दिवसाआड गाडीत बसणार आहे, आणि ज्याचा बराचसा प्रवास जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स असल्या आरक्षण न मागणाऱ्या देशांत आहे, त्याला. १९५९ साली युरेल सुरू झाला तो अशा भटक्यांसाठीच. तेव्हा सक्तीच्या आरक्षणाच्या या सुसाट गाड्या नव्हत्या.

खिडकीपाशी
कोट्याचा मुद्दा बरोबर आहे, पण पासला जुनी गोष्ट म्हणून मोडीत काढू नका. आजारी पडलं, पाय मुरगळला, तर पासवाला एक दिवस उशिरा निघतो. श्पारशीनेवाल्याचे पाच जणांचे पैसे पाण्यात.

नाशिककर_आनंद
व्हिसाबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी याच गोष्टीवरून रणकंदन झालं होतं.

१) शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तुमचा मे आहे, म्हणजे आजच अपॉइंटमेंट शोधा. उन्हाळ्याच्या तारखा भराभर जातात.
२) ज्या देशात सर्वात जास्त रात्री, त्या देशाच्या वकिलातीत अर्ज. रात्री समसमान असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार तो. तुमच्या यादीत स्वित्झर्लंड दिसतंय, पण मोजून बघा.
३) तुम्ही लंडनहून आत जाणार आणि प्रागहून थेट घरी, म्हणजे शेंगेनमध्ये एकदाच प्रवेश. परत लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं मनात असेल तर मल्टिपल एंट्री लागेल.
४) काही वकिलातींच्या यादीत शेंगेनमधल्या प्रवासाचंही बुकिंग मागतात. तिथे स्वस्तातलं न परतणारं तिकीट जोडू नका, रद्द होणारं जोडा. हॉटेलं तर सगळी रद्द होणारीच घ्या.

माझं म्हणणं एवढंच, की व्हिसा हातात येईपर्यंत जे बुडलं तर दुखेल ते काढू नये.

म्युनिकची_मुक्ता
आनंद यांना अनुमोदन, पण एक अडचण आहे. युरोस्टारचं भाडं विमानासारखं वाढत जातं. व्हिसाची वाट बघत बसलात तर त्याच जागेला दुप्पट पैसे जातात. त्याच्या साध्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळत नसले तरी तारीख बदलता येते, फक्त भाड्यातला फरक भरायचा. त्यामुळे तो एक धोका मी पत्करला असता.

आणि पॅरिसहून व्हिएन्नाकडे जाताना म्युनिकमार्गे जा असं कुणीतरी सुचवेलच, तर आधीच सांगते: जर्मनीत बदली असेल तर हातात भरपूर वेळ ठेवा. २०२४ मध्ये डॉइचं बानच्या (जर्मन रेल्वेच्या) लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. मी इथे कित्येक वर्षं राहते, फलाटावर उद्घोषणा सुरू झाली की आजूबाजूचे लोक आधीच हसायला लागतात.

बासेलकर
आणि आम्ही त्यांच्या उशिरा आलेल्या गाड्या बासेललाच थांबवतो. इथून पुढे स्विस रेल्वे आपली वेगळी गाडी वेळेवर सोडते. आमच्याकडे तीन मिनिटांच्या आत आली तरच गाडी वेळेवर धरतात, आणि तरी आकडा नव्वद टक्क्यांच्या वर राहतो.

म्युनिकची_मुक्ता
हो हो, कळलं. एक किलो बटाट्याला किती फ्रँक पडतात तेही सांगा आता.

चहाबाज
धागा भरकटायला एकच पान लागलं. शाब्बास.

बासेलकर
:) परत रुळावर येतो. पॅरिस ते इंटरलाकेन सगळ्यात सोपं: पॅरिसच्या गार द लिआँ स्टेशनहून लिरियाने बासेल, सुमारे तीन तास, आणि बासेलहून थेट इंटरलाकेन ओस्टला जाणारी गाडी, दोन तास. एकच बदली. दोन्ही टप्पे एकाच बुकिंगमध्ये काढा.

स्वित्झर्लंडच्या आतल्या प्रवासासाठी युरेलचा विचार सोडा. दोन पर्याय आहेत. स्विस ट्रॅव्हल पासवर गाड्या, बस, बोटी आणि बरीचशी संग्रहालयं येतात. तो सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. दुसरं हाफ फेअर कार्ड: महिनाभर जवळपास सगळं अर्ध्या भाड्यात. आता युंगफ्राउयोखला (बर्फाच्या डोंगरावरच्या स्टेशनला) जायचंच असेल, आणि भारतीय माणूस जातोच, तर वरच्या टप्प्यावर ट्रॅव्हल पासला फक्त २५ टक्के सूट आहे, हाफ फेअरला ५० टक्के. ते तिकीट इतकं महाग आहे की या एका दिवसावर सगळं गणित फिरतं. इंटरलाकेनलाच तळ ठोकून दोन-तीन ठिकाणीच जाणार असाल तर मी हाफ फेअर घेईन. दोन्हींबरोबर मुलीसाठी फॅमिली कार्ड फुकट मिळतं, आईवडिलांबरोबर तिला तिकीटच नाही.

एक महत्त्वाचं: ती सवलत आईवडिलांबरोबर असतानाच. आजी-आजोबा नातीला एकटे घेऊन फिरायला निघाले तर तिचं तिकीट काढावं लागेल.

गोंयकार_स्विंडन
थोडो वेगळो प्रश्न. माझा पासपोर्ट पोर्तुगालचा, जन्म मडगावचा, राहतो इंग्लंडमध्ये. माझी बहीण मडगावहून येते आहे, भारतीय पासपोर्ट. दोघांना एकच पास चालेल का?

फलाटदादा
नाही. पासपोर्टचा संबंध नाही, राहायचं ठिकाण बघतात. तुम्ही यूकेत राहता, म्हणजे इंटररेल. बहीण भारतात राहते, म्हणजे युरेल. गाड्या जवळपास सगळ्या त्याच, फरक इतकाच की इंटररेलवर राहत्या देशात फक्त एकदा बाहेर पडताना आणि एकदा परत येताना प्रवास चालतो. लंडनपर्यंतचा तुमचा प्रवास त्यात बसवता येईल.

राधाक्का
सायली, व्हेनिस-व्हिएन्ना रात्रीची गाडी का नाही घेत? नाइटजेट आहे थेट. एका हॉटेलचे पैसे वाचतात, सकाळी व्हिएन्नात डोळे उघडतात. आम्ही दोघी मैत्रिणींनी झुरिकहून अशीच घेतली होती. सकाळी गरम कॉफी आणि पाव आणून देतात.

नाशिककर_आनंद
राधाक्का, सत्तरीतल्यांना? सहा जणांच्या कुशेतमध्ये (साध्या झोपायच्या कप्प्यात) वरचा बर्थ म्हणजे शिडी, आणि स्वच्छतागृह डब्याच्या टोकाला. स्लीपर केबिन घेतली तर हॉटेलचे पैसे वाचत नाहीत, उलट जास्त जातात.

राधाक्का
मी अडुसष्टची आहे. मी वरच्या बर्थवर झोपले होते.

चहाबाज
नाशिककर, पळा.

फलाटदादा
वय बाजूला ठेवा, पण व्हेनिस-व्हिएन्ना मी दिवसाच करीन, आणि त्याचं कारण झोप नाही. थेट रेलजेट आहे, सातेक तासांची. आल्प्स ओलांडून शेवटी सेमरिंग घाट उतरते. १८५४ साली बांधून झालेला, कार्ल फॉन गेगा याचं काम. दुमजली दगडी कमानींचे पूल, आणि गाडी इतक्या वळणांनी उतरते की आपल्याच गाडीचा पुढचा डबा खिडकीतून दिसतो. १९९८ पासून जागतिक वारसा आहे. निवृत्त रेल्वेवाल्याला तो घाट रात्री झोपेत ओलांडायला लावणार?

शिवाय डिसेंबर २०२५ पासून ग्राझ ते क्लागेनफुर्ट हा कोराल्मबानचा नवा मार्ग सुरू झालाय, त्यात ३३ किलोमीटरचा बोगदा. साबुंना विचारा, त्यांना माहीत असणार.

सायली_व
साबु माझ्या मागे उभं राहून हा धागा वाचतायत. त्यांना माहीत आहे. फलाटदादांचा फोन नंबर मागतायत.

खूप खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे पासचा नाद सोडावा, बरोबर? आता शंका. इंटरलाकेन ते व्हेनिस कसं जायचं? नवऱ्याने श्पीत्स, मिलान असं काहीतरी काढलंय, पण मिलानला फक्त वीस मिनिटं मिळतायत.

म्युनिकची_मुक्ता
वीस मिनिटं पाच जणांना आणि बॅगांना कमी आहेत. पण त्याहून महत्त्वाचं विचारते: दोन तिकिटं वेगळी आहेत की एक?

एकाच तिकिटावर असाल आणि पहिल्या गाडीमुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने पोचवणं ही रेल्वेची जबाबदारी. युरोपियन युनियनचा प्रवासी हक्कांचा नियमच आहे तसा. साठ मिनिटांच्या वर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के परत, दोन तासांच्या वर ५० टक्के. दोन कंपन्यांच्या साइटवरून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दुसरी कंपनी म्हणू शकते, आमचा संबंध नाही. माझ्या मामेभावाला एका खासगी कंपनीच्या खिडकीवर असंच सांगितलं. चौघांची नवी तिकिटं, त्या दिवशीच्या भावाने. मामी अजून तो आकडा प्रत्येक लग्नात सांगते.

फलाटदादा
यात थोडी आशा आहे. बऱ्याच सरकारी रेल्वे कंपन्यांनी आपसात करार केलाय, एजेसी म्हणतात. तिकिटं वेगळी असली तरी आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे गाडी चुकली तर पुढच्या गाडीत बसू देतात. दोन गोष्टी पाळा: बदलीला ठरवून दिलेला किमान वेळ आधीपासून असायला हवा, आणि उशीर झालेल्या गाडीच्या तिकीट तपासनिसाकडून किंवा स्टेशनवरच्या खिडकीवर उशिराचा शिक्का घ्यायचा. पण हा हक्क नाही, सौजन्य आहे. खासगी कंपन्या यात नाहीत.

इंटरलाकेन-व्हेनिससाठी: श्पीत्स किंवा ब्रिगहून मिलानची युरोसिटी घ्या, सिम्प्लॉन बोगद्यातून जाते. मिलानला पुढची नाही, त्याच्या पुढची गाडी घ्या. तासभर मिळेल. मिलानो चेंत्राले स्टेशन बघण्यासारखं आहे, त्या तासाचं ओझं होणार नाही. आणि व्हेनिसचं स्टेशन सांता लुचिया निवडा. मेस्त्रे म्हणजे पाण्याच्या अलीकडचं गाव. तिथे उतरलात तर साबा विचारतील, कालवे कुठायत?

पण थांबा. साबु रेल्वेवाले आहेत तर मी एक वाकडी वाट सुचवतो. इंटरलाकेनहून खूऱला (पूर्व स्वित्झर्लंडमधलं गाव) एक रात्र राहा. दुसऱ्या दिवशी बेर्निना मार्गाने तिरानो, तिथून अडीच तासांत मिलान. मीटर गेज आहे. २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निनाहून ४२९ मीटरवरच्या तिरानोपर्यंत उतरते, सात टक्के चढउतार, आणि दातेरी रूळ कुठेही नाही. ब्रूजिओला उंची कमी करायला गाडी उघड्यावरच, दगडी कमानींच्या पुलावरून गोल फिरते आणि स्वतःच्याच रुळांखालून निघते. तिरानोत शिरताना चर्चसमोरच्या चौकातून जाते, शेजारी मोटारी उभ्या.

सायली_व
साबु सांगतायत, जसंच्या तसं टाइप करतेय: "सात टक्के म्हणजे १ ला १४. आमच्या भोर घाटात १ ला ३७ आहे आणि मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लावावे लागतात. दातेरी रुळांशिवाय १ ला १४ शक्य नाही. त्या गृहस्थांना परत तपासायला सांग."

फलाटदादा
काकांना नमस्कार सांगा. तपासलंय. गाडी हलकी आणि आखूड, आणि डब्यांखालीच मोटारी, त्यामुळे ओढणारी चाकं जास्त. भोर घाटात चोवीस डब्यांची गाडी घेऊन चढायचं असतं, ते गणित वेगळं. आकडा खरा आहे, काकांनी स्वतः जाऊन बघावा.

सायली_व
झालं. आता ते खूऱला राहायचं म्हणतायत.

बासेलकर
मग एक पैसे वाचवणारी गोष्ट. बेर्निना एक्स्प्रेस ही काचेच्या छताची पर्यटक गाडी, आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे आणि मेमध्ये जागा संपतात. त्याच रुळांवरून दिवसभर साध्या लोकल गाड्या धावतात. आरक्षण नाही, सेंट मॉरित्झला किंवा मध्ये पोंत्रेसीनाला बदलायचं, बस. आणि जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात! काचेत स्वतःचं तोंड न दिसता फोटो येतो. हाफ फेअर कार्ड तिरानोपर्यंत चालतं.

खिडकीपाशी
उघडणारी खिडकी. बघा, शेवटी माझ्याच गोष्टीवर आलात.

शिरीषकाका
बॅगांचं काय पण? एवढ्या बदल्या, पाच माणसं. हमाल मिळतात का?

राधाक्का
नाही मिळत काका. लिफ्ट असते, ती कधी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असते. माणशी एकच मध्यम बॅग, चाकांची, आणि ती ज्याची त्याने ओढता येईल एवढीच. आजी-आजोबांच्या दोन मिळून एक. मोठी बॅग दोन लहानांपेक्षा वाईट, कारण गाडीच्या दोन पायऱ्या ती एकट्याने चढत नाही.

नाशिककर_आनंद
आणि फलाटावर कुठे उभं राहायचं ते आधी बघा. फलाटाला ए, बी, सी, डी असे भाग असतात आणि तुमचा डबा कुठल्या भागात येणार ते फलकावर किंवा ॲपवर दाखवतात. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. चुकीच्या टोकाला उभे असाल तर बॅगा घेऊन पळापळ. कधीकधी एकच गाडी मध्ये तुटून दोन गावांना जाते. जर्मनीत हाम स्टेशनला बर्लिनहून येणाऱ्या गाड्या कित्येक वर्षं अशाच दोन भागांत विभागायच्या. डब्यावर लिहिलेलं गावाचं नाव वाचूनच चढा.

चहाबाज
खाण्यापिण्याचं कुणी बोलतच नाहीये. रविवारी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी असतात. रविवारी प्रवास असेल तर स्टेशनवरच दही, फळं, पाव भरून घ्या. स्टेशनच्या स्वच्छतागृहाला बऱ्याच ठिकाणी युरो लागतो, नाणी जवळ ठेवा. गाडीतलं फुकट असतं. आणि हो, गाडीत डबा उघडून खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही. दशम्या-चटणी खुशाल न्या.

राधाक्का
लसणाची चटणी नको. गाडीचा डबा बंद असतो, एसी असतो. शेजारचा बिचारा.

सायली_व
:D नोंद घेतली.

आणखी दोन शंका. पॅरिसला स्टेशन बदलायचं आहे का? आणि तिकिटं नक्की कुठून काढायची? नवऱ्याचं कार्ड दोन साइटवर नाकारलं गेलं.

फलाटदादा
युरोस्टार गार द्यू नोरला सोडते, स्वित्झर्लंडची गाडी गार द लिआँहून. तुम्ही पॅरिसमध्ये राहणारच आहात, त्यामुळे त्याच दिवशी बदलायचं नाही. हॉटेल गार द लिआँच्या बाजूला घ्या, सकाळची पळापळ वाचेल. आरईआर 'डी' या लोकल गाडीने एक मध्ये सोडून दुसरं स्टेशन.

तिकिटं: शक्यतो त्या त्या देशाच्या रेल्वेच्या साइटवरून. गंमत म्हणजे दोन देशांत धावणारी तीच गाडी दोन्ही देशांच्या साइटवर वेगवेगळ्या भावाने दिसते. व्हिएन्ना-प्राग काढताना ऑस्ट्रियन आणि चेक, दोन्ही उघडून बघा. ट्रेनलाइन, ओमिओ वगैरे दलाल सोपे आहेत, पण गाडी रद्द झाली तर तुम्ही, दलाल आणि रेल्वे असा तिरंगी सामना होतो. वेळापत्रक बघायला मात्र कुठल्याही देशासाठी जर्मन रेल्वेचं ॲप उघडा, तिकीट नाही काढलं तरी. मार्गांची सखोल माहिती 'सीट सिक्स्टी वन' या साइटवर आहे, ती साबुंना द्या, आठवडाभर घरात शांतता.

आपल्यासारखी वेटिंग लिस्ट, आरएसी तिकडे नसते. जागा आहे तर तिकीट, नाहीतर नाही. आणि आरक्षण सक्तीचं नसलेल्या गाडीत तिकीट म्हणजे जागा नव्हे, जागेचे दोन-चार युरो वेगळे मोजावे लागतात. पाच जणांनी ते मोजा.

नाशिककर_आनंद
कार्डाचं: बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेत का? रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ते मुळात बंदच असतात. ऑनलाइन आणि दुकानातला वापर अशी दोन वेगळी बटणं असतात, दोन्ही बघा. ओटीपी येणारं सिम तिकडे रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर तिथून तिकीट काढणं जमणार नाही.

म्युनिकची_मुक्ता
लंडनहून निघताना वेळ ठेवा. सेंट पँक्रसलाच (युरोस्टारचं लंडनमधलं स्टेशन) फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात, म्हणजे शेंगेनचा प्रवेश तिथेच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवीन ईईएस (सीमेवर येण्या-जाण्याची नोंद) पद्धत आलीय, पहिल्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. बाराच्या आतल्या मुलांचे ठसे नाहीत, फोटो असतो. गाडी सुटण्याच्या तीस मिनिटं आधी गेट बंद होतं. विमानासारखं समजूनच जा.

सायली_व
अपडेट. स्विस वकिलातीत अपॉइंटमेंट मिळाली, रात्री मोजल्या तर खूऱ धरून तिथेच जास्त निघाल्या. ठरलं ते असं: पास नाही. युरोस्टार आत्ताच काढलं, तारीख बदलता येणारं. पॅरिस-इंटरलाकेन एकाच तिकिटावर, व्हिसा आल्या दिवशी. व्हेनिस-व्हिएन्ना आणि व्हिएन्ना-प्राग दिवसाच्या गाडीने, तेही व्हिसानंतर, थोडं महाग पडलं तरी चालेल. स्वित्झर्लंडात चौघांना हाफ फेअर आणि लेकीला फॅमिली कार्ड. खूऱ-तिरानो साध्या गाडीने. तिरानो-मिलान लोकल असल्याने आधी काही काढायचं नाही, फक्त मिलान-व्हेनिस काढायचं, मध्ये दीड तास ठेवलाय. नवऱ्याने एक्सेल बंद केली.

फलाटदादा
उत्तम. तिरानो-मिलानचं भाडं ठरलेलंच असतं, आधी काढून काही वाचत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून मगच चढा. शिक्का नसला तर दंड करतात, आणि आपण परदेशी आहोत हे कारण त्यांना रोज ऐकू येतं.

शिरीषकाका
काही म्हणा, त्या बेर्निनाचं वाचून हिला पण जायचंय आता. आमची टूर तिकडे गेलीच नाही. पहिल्यापासून कुठे वाचायला सुरुवात करू?

चहाबाज
काका, पान एक. वरणभाताच्या खाली.

वाचक_नवीन
मी नवीन आहे इथे. नॉर्वेत ओस्लो ते बर्गन करायचं आहे, ऑगस्टमध्ये, दोघंच. त्यासाठीही युरेल नको का?

फलाटदादा
एकाच प्रवासासाठी अजिबात नको. नॉर्वेजियन रेल्वेचं सुटं तिकीट, जितकं लवकर तितकं स्वस्त. मिर्डालला उतरून फ्लोमला जाणार असाल तर त्या छोट्या लाइनचं तिकीट वेगळं असतं आणि ऑगस्टमध्ये भरतं, ते आधी बघा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.